जे कागदावर नाही, ते आधी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं दुखणं लांबतं, डॉक्टर "आता घरीच सांभाळा" म्हणतात, आणि मग सगळ्यांना एकदम सुचतं की यांच्याकडून घराण्याचं सगळं लिहून घ्यायला हवं. मूळ गाव, देवक, कोण कुठून आलं, शेत कसं गेलं, आजोबा मुंबईत कसे पोचले. कुणीतरी वही घेऊन उशाशी बसतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं, "बाबा, तुमच्या पणजोबांचं नाव काय?" बाबांना धाप लागलेली असते. नाव आठवत नाही, त्यांना ओशाळल्यासारखं होतं, विचारणारा हिरमुसतो आणि वही बंद होते.

प्रश्न योग्यच होता, फक्त त्याचा क्रम चुकला. पणजोबांचं नाव दुसरीकडेही शोधता येतं. अशा वेळी आजारी माणसाकडे बोलण्याची ताकद मोजकी असते, दिवसातून अर्धा तास, कधी दहाच मिनिटं. ती कशावर खर्च करायची हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी एक नियम पुरतो: कागदावर जे सापडेल ते आजारी माणसाला विचारू नये; जे फक्त त्याच्याच आठवणीत आहे ते आधी विचारावं. पुढची सगळी पद्धत या एका नियमातून निघते.

नंतरही मिळेल असं काय?

घराण्यातली नावं टिकवण्याच्या व्यवस्था आपल्याकडे बऱ्याच आहेत. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. त्यामुळे ज्या घरांत श्राद्ध होतं तिथे तेवढी नावं कुणाच्या तरी तोंडात असतात, नाहीतर गुरुजींच्या टिपणात. त्यामागे जायचं तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार अशा ठिकाणी यात्रेला किंवा अस्थी घेऊन गेलेल्यांनी आपली, भावांची, मुलांची नावं या वह्यांत लिहून ठेवली आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय वही काढतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागात हेळवी समाजाचे लोक सुगीनंतर गावात येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात. कित्येकांच्या घरची नावं त्यांच्या चोपड्यांत आहेत.

सरकारी दफ्तरही मोठं आहे. फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मध्ये जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं, वारस नोंदीत माणूस वारल्यावर मागे कोण राहिलं ते कळतं. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे जुन्या गाव नमुना १४ मध्ये असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचं नाव, जात, गाव आणि जन्मतारीख मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे शब्द अनेक घरांना पहिल्यांदाच माहीत झाले. विसाव्या शतकाच्या मध्याआधीचे कागद बहुधा मोडीत असतात. मोडी वाचणारे जाणकार जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि जुन्या कागदांसाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीतली नागरी नोंदणीची दफ्तरं कामी येतात. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत, तेही पाहावेत.

ही यादी आजारी माणसापुढे ठेवायची नाही. घरातल्या दुसऱ्या कुणावर तरी ती सोपवायची. दोन कामं वेगळ्या माणसांकडे गेली की उशाशी बसलेल्यावरचं दडपण उतरतं.

मात्र या सगळ्या नोंदींत काही उणिवा सारख्याच दिसतात. त्यांत मुलग्यांची नावं असतात, जमीन असते, तारखा असतात. बायका फार कमी असतात. कारण तर कुठेच नसतं. आणि तारखांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिली, अशा जन्मतारखांचे लोक महाराष्ट्रात घरोघर सापडतील. खरा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा होता, हे त्या माणसाला त्याच्या आईने सांगितलेलं असतं. ते रजिस्टरात मिळणार नाही.

नंतर मिळणार नाही असं काय?

पहिलं म्हणजे जुन्या फोटोंतले चेहरे. ट्रंकेतल्या अल्बममध्ये लग्नाचा समूहफोटो असतो, तीस माणसं दाटीवाटीने बसलेली. त्यातली वीस जण ओळखणारं आज घरात एकच माणूस उरलेलं असतं. ते गेलं की फोटो तसाच राहतो, माणसं निनावी होतात. म्हणून सुरुवात फोटोंपासून करावी. शिवाय फोटो बघणं हे प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा सोपं असतं, बोट ठेवून एक नाव घेतलं तरी काम झालं.

दुसरं, बायकांची नावं. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, कित्येकदा नावही बदलतं. त्यामुळे आजीची आजी कोण हे शोधताना कागदावरची वाट दोन पिढ्यांतच बंद होते. आजीला विचारायचं ते तिच्या आईबद्दल: आईचं माहेर कुठलं, माहेरी तिला काय म्हणत, तिच्या बहिणी कुठे दिल्या. हे धागे जुळले की घराण्याचा नकाशा एकदम दुप्पट होतो, कारण आत्तापर्यंत तो एकाच बाजूने काढलेला असतो.

तिसरं, कारणं. फेरफारात लिहिलेलं असतं की अमुक साली जमीन विकली. का विकली ते नसतं. बहिणीच्या लग्नासाठी, सावकारासाठी, कोर्टकचेरीत, की भावाभावांच्या अबोल्यात? गाव सोडलं ते दुष्काळामुळे, धरणात गेलं म्हणून, की मामाने गिरणीत चिकटवून दिलं म्हणून? जातीमुळे कुठल्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, कुणी शाळेत बाहेर बसवलं, कुणी मात्र आत घेतलं? घराण्याचा इतिहास म्हणतात तो बहुतांशी या उत्तरांत असतो.

चौथं, आजार. कोण कुठल्या वयात आणि कशाने गेलं हे पुढच्या पिढीच्या डॉक्टरला उपयोगी पडतं. जुनी माणसं रोगांची नावं सांगत नाहीत. "थानाला गाठ झाली होती", "अर्ध्या अंगावरून वारं गेलं", "चाळिशीतच छातीत कळ येऊन गेला" असं सांगतात. तसंच लिहून घ्यावं. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग, कमी वयातला हृदयविकार, विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल, असं काही घरात फिरत असेल तर अशा वाक्यांतून डॉक्टरांना सुगावा लागतो.

पाचवं, तोंडी ठेवा. पाण्याच्या अंदाजाने होणारी आमटी, बाळंतिणीचं खाणं, कुलाचाराचे बारकावे, बोलीतले शब्द, जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर, भाऊ, सासुरवास, दुष्काळ सगळं येतं. "तुझी गोष्ट सांग" म्हटल्यावर "माझी मेलीची कसली गोष्ट" म्हणून उडवून लावणारी आजी ओवी मात्र सहज म्हणते, आणि तिची गोष्ट त्या ओवीत असते.

विचारलं तर त्रास होईल का?

ही शंका घरोघर असते, आणि ती रास्त आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं, की म्हातारपणी माणूस मागचं आठवत बसतो तो भ्रमिष्टपणा समजू नये. आयुष्याचा ताळा मांडण्याची ती स्वाभाविक गरज आहे. त्याआधी अशा आठवणींना डॉक्टरही फारशी किंमत देत नसत.

पुढे कॅनडातल्या विनिपेग इथले मनोविकारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव यांनी 'डिग्निटी थेरपी' नावाची पद्धत बसवली. तिचं काम असं चालतं: प्रशिक्षित माणूस रुग्णाला थोडे ठरावीक प्रश्न आधी देतो. आयुष्यातला कुठला काळ सगळ्यांत जिवंत वाटला, कुठल्या कामाचा अभिमान आहे, घरच्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं, त्यांना काय सांगायचं राहिलं, अशा धर्तीचे. मग साधारण तासाभराचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. दोनतीन दिवसांत ते उतरवून, नीट लावून रुग्णाला वाचून दाखवतात, त्याने सांगितलेले बदल करतात आणि प्रत त्याच्या हाती देतात. ती कुणाला द्यायची ते तो ठरवतो.

२००५ मध्ये विनिपेग आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ इथल्या १०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९१ टक्के रुग्णांनी समाधान व्यक्त केलं, ७६ टक्क्यांनी आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखी वाटली असं सांगितलं, आणि ८१ टक्क्यांना याचा घरच्यांना उपयोग झाला किंवा होईल असं वाटलं. २०११ च्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत मात्र रुग्णांचा मानसिक त्रास इतर सेवांपेक्षा ठळकपणे कमी झाला असं दिसलं नाही. आपल्याला उपयोग झाला असं रुग्णांनी अधिक प्रमाणात सांगितलं, इतकंच. तेव्हा याला औषध समजू नये. पण नीट विचारलं तर बहुतेकांना ते हवंसं वाटतं, एवढं यातून म्हणता येतं. अमेरिकेतल्या 'स्टोरीकॉर्प्स' या २००३ मध्ये सुरू झालेल्या ध्वनिमुद्रण प्रकल्पाने २०१० पासून गंभीर आजारी लोकांसाठी वेगळा उपक्रम चालवला, तो याच गरजेतून.

आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला सेंटर १९९७ पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेत आहेत. वेदना आटोक्यात आल्याशिवाय आठवणींचा विषय निघत नाही, हे पॅलिएटिव्ह केअरमधल्या कुणालाही विचारा, लगेच सांगतील. त्यामुळे आपला रुग्ण कण्हत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. वही नंतर.

शरीराचं वेळापत्रक

बसण्याची वेळ आपल्या सोयीची नसते, आजाराच्या सोयीची असते. चारपाच दिवस नुसतं बघा: कधी चेहरा मोकळा असतो, कधी ग्लानी असते. बऱ्याच जणांना सकाळी आंघोळ-चहा झाल्यावर तरतरी असते. दुखण्याची गोळी घेतल्यावर तासाभराने बरं वाटत असेल तर तीच वेळ धरा. मॉर्फिन नुकतं सुरू झालं असेल तर पहिले काही दिवस झोपाळूपणा राहतो, पुढे बहुतेकांचा तो ओसरतो. दोनचार दिवस थांबलं तरी चालतं. संध्याकाळी गोंधळ वाढणारे रुग्ण असतात, त्यांना दिवेलागणीला काही विचारू नये.

एका बैठकीला वीस मिनिटं पुष्कळ. तोंड कोरडं पडतं, म्हणून पाणी जवळ हवं. धाप लागत असेल तर "हो-नाही"त किंवा एका नावात उत्तर देता येईल असे प्रश्न काढा: "हा दादाकाका की नानाकाका?" थकवा दिसला की आपणच थांबायचं, "एवढं एक सांगा" म्हणून ताणायचं नाही. उद्या येईन म्हणून सांगितलं तर उद्या खरंच जायचं, कारण त्या माणसाने रात्रभर काहीतरी आठवून ठेवलेलं असतं.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाबाबत लोक लवकर आशा सोडतात. काल काय जेवलो ते जातं, पण साठ वर्षांपूर्वीचं बराच काळ टिकतं. तसंही म्हाताऱ्या माणसांना दहा ते तीस या वयातलं सगळ्यांत जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसलेलं आहे. शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिलं बाळंतपण: तिथूनच सुरू करा. एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जात असेल तर "हे सांगितलंत की" असं म्हणू नका. तिसऱ्यांदा सांगताना त्यात नवं नाव येतं.

साल विचारू नका

सालाने आठवणी निघत नाहीत. "कुठल्या वर्षी लग्न झालं?" यावर आजी गप्प होईल. "आजी, तुझं लग्न दुष्काळाआधीचं की नंतरचं?" यावर ती लगेच सांगेल. आपल्या माणसांचं कॅलेंडर घटनांचं असतं, ते आपल्याला पाठ हवं. गांधीवधानंतरची जळितं १९४८ ची. मराठवाड्यात निजामाचं राज्य गेलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. नवे पैसे आले एप्रिल १९५७ मध्ये. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६०, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. १९७२ चा दुष्काळ म्हणजे सुकडी, मिलो ज्वारी आणि खडी फोडायची कामं. गिरणी संप १८ जानेवारी १९८२, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. आईवडिलांकडून ऐकलेलं असेल तर १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आणि त्याआधीचा प्लेगही निघेल. यातल्या कुठल्या घटनेच्या आधी, नंतर, किती मोठं मूल कडेवर होतं, एवढं कळलं की साल आपण काढू शकतो. ते आपलं काम आहे, रुग्णाचं नव्हे.

दुसरी युक्ती जागेची. कागदावर जुन्या घराचा चौकोन काढा आणि विचारा, "दारातून आत आलं की पहिलं काय?" ओसरी, माजघर, चूल, माळ्यावर जायचा जिना, परसातला हौद, किंवा चाळीतली खोली, गॅलरी, सामाईक नळ. प्रत्येक जागेपाशी कुणीतरी उभं असतं. कुठल्या खोलीत कोण झोपायचं या साध्या प्रश्नातून विधवा आत्या, शिकायला ठेवलेला चुलतभाऊ, कुणाला आज माहीतही नसलेली माणसं बाहेर येतात.

तिसरी गोष्ट, विचारणारं कोण. मुलापुढे वडील वडीलच राहतात, सगळं सांगत नाहीत. नातवंडं, सून, भाची किंवा शेजारचं लाडकं पोर यांच्यापाशी तेच वडील खुलतात. खोलीत एकाच माणसाने विचारावं. चारजण बसले की कुणीतरी दुरुस्ती करतं: "नाही हो, ते सांगलीला नव्हतं, मिरजेला." दुरुस्ती खरी असली तरी त्या वेळी करायची नाही, वहीच्या समासात लिहायची. आणि गप्प बसता यायला हवं. उत्तर संपलं असं वाटल्यावर थोडं थांबा, खरं बोलणं पुष्कळदा त्या थांबण्यानंतर सुरू होतं.

नाजूक जागा

आपल्याकडे रुग्णाला त्याचा आजार पूर्ण सांगितलेला नसतो, असं बऱ्याच घरांत घडतं. मग अचानक नातवंडं फोन लावून आठवणी विचारू लागली की त्याला जे कळायचं ते कळतं. यावर खोटी सबब शोधू नये. "आजोबा, आम्हाला आपल्या घरातलं काहीच माहीत नाही, तुमच्याकडून ऐकायचं आहे" हे खरं कारण आहे, तेच सांगावं. त्यांनीच "माझे किती दिवस राहिलेत?" असं विचारलं तर विषय बदलू नये, काय सांगायचं हे डॉक्टरांशी आणि घरात आधीच बोलून ठेवलेलं असावं.

रेकॉर्डिंग करतोय हे सांगूनच करायचं. उशीखाली फोन लपवून घेतलेला आवाज हा ठेवा होत नाही. बोलताना एखादी जुनी जखम निघते: टाकलेली बायको, घरातून निघून गेलेला भाऊ, गेलेलं मूल. "हे लिहू नको" असं म्हटलं तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवायचं आणि ते पाळायचं. रडू आलं तर हातात हात घेऊन बसावं, लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. सांगायचं नसेल तर तोही त्यांचा निर्णय आहे. सगळ्यांनीच आपली गोष्ट मागे ठेवलीच पाहिजे असा नियम नाही.

वाटणी, दागिने, जमीन हे विषय या बैठकीत आणूच नका. एकदा का घरच्यांना वाटलं की इथे मालमत्तेचं काही बोललं जातंय, की प्रत्येक भेटीवर पहारा बसतो. मृत्युपत्र हे वेगळं काम आहे. ते लेखी लागतं, करणाऱ्याची सही लागते, दोन साक्षीदार लागतात, आणि आठवणींच्या रेकॉर्डिंगने ते होत नाही.

फोन आणि फोटो

महागडं यंत्र लागत नाही. फोनमधलं रेकॉर्डर पुरतं, त्याची जागा मात्र नीट हवी. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो. पंखा बंद करता आला तर करा. ऑक्सिजनचं यंत्र चालू ठेवावंच लागतं, तेव्हा फोन त्याच्या उलट बाजूला ठेवा. घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर फोन ठेवला की आवाज स्वच्छ येतो. आधी अर्धा मिनिट घेऊन ऐकून बघा. सुरुवातीला आपण तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय ते म्हणावं. दहा वर्षांनी फाइलचं नाव हरवलं तरी आवाजातच सगळं सापडतं. व्हिडिओचा हट्ट नको. आजाराने उतरलेला चेहरा कित्येकांना दाखवायचा नसतो, आवाजाला मात्र ते तयार असतात.

फोटोंना आधी क्रमांक द्या आणि बोलताना "फोटो बारा" असं मोठ्याने म्हणा. समूहफोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या रेघा काढा, प्रत्येक डोक्याला आकडा द्या. मग नावं त्या आकड्यांपुढे लिहिली की वर्षांनंतरही घोळ होत नाही. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन करू नका. चिकट अल्बममधला फोटो ओढून काढू नका, पानासकट टिपा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढलेला फोटो चालतो. स्कॅनर असेल तर छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआय ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसतो आणि चेहरे धूसर होतात.

त्याच दिवशी रात्री फाइल फोनबाहेर काढा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक परगावच्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. फोन हरवतात, पाण्यात पडतात, पोरं रीसेट करतात.

उतरवणं आणि वाचून दाखवणं

रेकॉर्डिंग करून ठेवलं की काम संपलं असं वाटतं, आणि मग ते कुणीच ऐकत नाही. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चारपाच तास लागतात, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर तेवढंच उतरवत जावं. आपोआप लिहून देणारी साधनं मराठीतही आहेत, पण बोलीत आणि कुजबुजत्या आवाजात ती अडखळतात. गावांची आणि माणसांची नावं कानाने तपासावी लागतात.

भाषा सुधारू नका. आजी "व्हतं" म्हणाली असेल तर "होतं" करायचं नाही. तिची वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी हाच तिच्या आवाजाचा लिखित पुरावा आहे. फक्त अडखळणं, पुनरुक्ती काढा आणि मजकूर सरळ क्रमाने लावा. जिथे वहीच्या समासात आपण दुरुस्ती लिहिली होती तिथे दोन्ही ठेवा: ती काय म्हणाली आणि कागद काय म्हणतो. तिची चूक असेल तर तीही माहितीच आहे. माणूस मिरज विसरून सांगली का म्हणतो, यालाही कधी कारण असतं.

मग ते वाचून दाखवा. चोचिनोव यांच्या पद्धतीतला हा टप्पा घरी बहुतेक गाळला जातो, आणि तो सगळ्यांत मोलाचा आहे. आपलं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून सलग ऐकताना माणूस गाळलेली नावं भरतो, एखादं कडवट वाक्य काढायला लावतो, कुणाचे तरी आभार घालायला लावतो. अनेकदा याच वेळी तो घरातल्या कुणाला तरी बोलावून घेतो. छपाईची वाट बघू नये. वीस पानं झेरॉक्स करून स्टेपल मारलेली वही त्याच्या हातात आत्ता द्यावी. सुबक पुस्तक वर्षश्राद्धापर्यंत करता येईल.

बोलणं थांबलं तर

कधी आपण उशिरा पोचतो. बोलणं बंद झालेलं असतं, पण मान हलते. तेव्हा फोटो दाखवून नाव आपण घ्यायचं: "ही तुमची आत्या का?" डोळ्यांची एक उघडझाप म्हणजे हो. असे दोनचार चेहरे मिळाले तरी पुरे. तेही शक्य नसेल तर आपण बोलावं. व्हँकूव्हरमधल्या एका हॉस्पिसमधल्या रुग्णांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही शेवटच्या तासांत आवाजांची दखल घेताना दिसला. त्यांना काय समजतं हे त्यातून कळत नाही. पण जे लिहून काढलं आहे ते त्यांच्याजवळ बसून वाचायला काहीच हरकत नाही.

आणि दहाव्याला, तेराव्याला पाहुणे जमतात तेव्हा अल्बम बाहेर ठेवावा. एरवी कधी एका छताखाली न येणारी मामेभावंडं, चुलत सासवा, गावचे शेजारी त्या दिवशी एकत्र असतात आणि गेलेल्या माणसाबद्दलच बोलत असतात. तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही, फक्त लिहून घ्यावं लागतं.

त्याच गर्दीत आता घरातलं सगळ्यांत वडील माणूस कोण हेही कळतं. ते बहुधा धडधाकट असतं, दोन वेळा जेवतं, तासभर बोलतं, फोटोतला चेहरा चष्म्याशिवाय ओळखतं. वीस मिनिटांची मर्यादा, गोळीची वेळ, थोडक्यात उत्तर देता येतील असे प्रश्न, यातलं काहीच त्यांच्यासाठी लागत नाही. पणजोबांचं नावसुद्धा त्यांना विचारायला हरकत नाही. त्यांच्याकडे कुठल्या रविवारी जायचं ते पाहुणे पांगायच्या आत ठरवून टाका.